चार खाचांचा बोर्ड

"पहिल्यांदा एकच सांगा," चौगुले म्हणाले, "ह्याच्यावर गेम खेळायचाय, का काम करायचंय?"

"दोन्ही," विश्वजित म्हणाला.

"दोन्ही म्हणणारे लई येतात हो. शेवटाला एकच होतंय."

विश्वजित हसला. ऋजुताही हसली. आपणही हसावं की नाही हे माझं ठरेपर्यंत हसणं संपून गेलं होतं. माझं नेहमी असंच होतं.

चौगुल्यांचं दुकान कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. गिऱ्हाइकानं सुटे भाग निवडायचे आणि ह्यांनी ते जोडून हवा तसा कॉम्प्युटर करून द्यायचा, हा त्यांचा धंदा. भिंतीला लागून छतापर्यंत खोकी रचलेली होती. समोरच्या फळीवर काचेच्या बाजूंची, कॉम्प्युटरची रिकामी कॅबिनेटं मांडली होती आणि त्यांच्या आत निळे, जांभळे दिवे उगाचच फिरत होते. मला त्यांनी आदरानं एक स्टूल दिलं होतं. त्यावर मी मांडीवर पिशवी घेऊन बसलो होतो. कऱ्हाडहून निघताना माझ्या बायकोनं, शालननं, बजावलं होतं, "जाताय तर तोंड उघडा तिथं. नाहीतर नुसती पिशवी सांभाळत बसाल."

ऋजुता ही आमची एकुलती एक मुलगी. विश्वजित शिंत्रे आमचा होणारा जावई, गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत इंजिनियर. लग्न दीड महिन्यावर आलं होतं. बैठकीत विश्वजितच्या वडिलांनीच सांगितलं होतं की मानपान नको, भांडी नकोत, कपाट नको; दोघांना उपयोगी पडेल अशी एकच वस्तू दोन्ही घरांनी मिळून घेऊ. विश्वजित चटकन म्हणाला होता, कॉम्प्युटर. सगळ्यांना ते पटलं होतं, कारण त्याला गेमचा नाद होता आणि ऋजुताला तिचं संशोधन पुरं करायचं होतं.

संशोधन भूकंपाचं. कोयनेच्या बाजूला जमिनीखाली हादरा बसला की त्याची लाट खडकातून कशी पसरते, कुठे मंदावते, कुठे वळते, हे ती कॉम्प्युटरवर गणित मांडून काढत होती. शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती. ती संपली की विद्यापीठातल्या मोठ्या मशीनवर तिला जागा मिळणार नव्हती. राहिलेलं काम घरी, ह्या नव्या कॉम्प्युटरवर करायचं होतं. म्हणजे त्या दुपारी चौगुल्यांच्या काउंटरवर जे ठरणार होतं, त्यावर तिचं पुढचं काम अवलंबून होतं. निदान मी तसं धरून चाललो होतो.

"पोरांचा काय गेम असतो तुमचा?" चौगुल्यांनी विचारलं.

"आमचे हॉस्टेलचे सहा जण. एक पुण्यात, एक दुबईत, एक गडहिंग्लजला. रोज जेवण झालं की सगळे एका जागी. टँक घेऊन लढायचं."

"आणि जिंकतं कोण?"

"गडहिंग्लजवाला. त्याला नोकरी नाही ना, भरपूर वेळ मिळतो."

"मग तुम्हाला ग्राफिक्स कार्ड चांगलं पायजे." चौगुल्यांनी एक लांबट खोका काढून काउंटरवर ठेवला. विश्वजितनं तो देवाच्या प्रसादासारखा दोन्ही हातांनी उचलला.

"आणि ताई, तुमचं काम काय?"

"माझं काही विशेष नाही," ऋजुता म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती काउंटरच्या काचेवर बोटानं रेघ ओढत होती.

"अगं, भूकंपाचं सांग की त्यांना," विश्वजित म्हणाला. "ओ चौगुले, ही भूकंपावर डॉक्टरेट करतीय. मोठं गणित असतंय तिचं."

"आमच्या गल्लीत गॅसची गाडी गेली तरी भूकंप होतोय," चौगुले म्हणाले. "बरं, मग रॅम किती लावू?"

"ह्याला लागेल तेवढी. मला चालेल," ऋजुता म्हणाली.

आता मला हे सांगायला हवं की मी अगदीच अडाणी म्हणून तिथे बसलो नव्हतो. मी कॉलेजचा ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो. मला माणसांशी बोलता येत नाही, पण वाचता येतं. साखरपुडा झाल्यापासून मी रोज माझ्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन कॉम्प्युटरची मासिकं वाचत होतो. न कळलेलं तिथल्या एका प्राध्यापकाला विचारत होतो. मला ते माझ्या पद्धतीनं समजलं होतं. डिस्क म्हणजे ग्रंथालयातली कपाटं आणि रॅम म्हणजे वाचनकक्षातलं टेबल. कपाटात कितीही ठेवा, पण मोठा नकाशा वाचायचा तर तो टेबलावर पुरा उलगडावा लागतो. ऋजुताचं गणित म्हणजे असा एक अवाढव्य नकाशा होता. टेबल लहान असेल तर तो नकाशा हळू वाचला जातो असं नाही, तो वाचताच येत नाही. आणि ही रॅम ज्या मुख्य बोर्डावर खोचतात, त्याच्यावर खाचा असतात. मोठ्या बोर्डावर चार, लहानावर दोनच. त्या काळी एका खाचेत बसणारी रॅम ठरावीक मापापर्यंतच मिळायची. दोन खाचांत तिचं गणित मावणार नव्हतं, चारांत मावलं असतं.

हे सगळं मला येत होतं, आणि मी पिशवी धरून गप्प होतो. मनात म्हणत होतो, आपण वाचलंय खरं, पण बरोबरच वाचलंय कशावरून? इथे तीन माणसं आहेत, तिघांनाही आपल्यापेक्षा जास्त कळतं.

मग कॅबिनेटची गोष्ट निघाली.

फळीच्या टोकाला एक छोटं पांढरं कॅबिनेट होतं, पोळ्यांच्या डब्याहून थोडं मोठं. विश्वजितची नजर त्याच्यावर गेली. "हे भारी आहे. आई म्हणत होती, धूड नको, हॉलमध्ये टीव्हीशेजारी बसलं पाहिजे."

"हे आत्ताच आलंय. लई शोभतंय. पण ह्यात छोटा बोर्ड बसतोय बघा," चौगुले म्हणाले. "पुढं वाढवायचं म्हटलं तर अवघड."

"तुला कसं वाटतं?" विश्वजितनं ऋजुताला विचारलं.

"छान आहे," ती लगेच म्हणाली. "हेच घेऊ."

"तुझ्या कामाला पुरेल ना?"

"पुरेल."

ती खोटं बोलत होती. तिला खाचा माहीत नाहीत हे शक्यच नव्हतं. चार वर्षं ती त्याच यंत्रांत राहत होती. मला वाटलं, हे असंच होतं. मुलगी अजून त्या घरात गेलेली नाही, आणि सासूबाईंच्या टीव्हीशेजारी शोभावं म्हणून ती आपलं काम एका डब्यात कोंबून टाकतेय. कुणी तिला सांगितलेलं नाही, कुणी दरडावलेलं नाही. ती आपणहूनच बाजूला होतेय. विश्वजितचा मला रागही येईना. तो विचारत होता, हसत होता, नकळत सगळं आपल्या बाजूला ओढत होता.

"मग छोटा बोर्ड, दोन रॅम, आणि तुमचं हे मोठं कार्ड," चौगुले म्हणाले. "काढू का माल?"

"काढा," विश्वजित म्हणाला.

"नको," मी म्हणालो.

आवाज माझाच होता, पण इतका मोठा निघाला की आतल्या खोलीत स्क्रू पिळणारा माणूस बाहेर डोकावला.

"काका?" विश्वजित म्हणाला.

मी उभा राहिलो. पिशवी खाली पडली, ती मी उचलली नाही. "ह्या बोर्डाला दोनच खाचा आहेत," मी म्हणालो. "दोन खाचांत तिचं गणित बसत नाही. चार खाचांचा बोर्ड घ्यावा लागेल, चारही भराव्या लागतील. कॅबिनेट मोठं घ्यावं लागेल. हॉलमध्ये नाही शोभलं तर आतल्या खोलीत ठेवा. पण हा घेऊन उपयोग नाही. हा घेतला तर तिचं काम संपलं म्हणून समजा."

"बाबा," ऋजुता म्हणाली.

"तू थांब. तू बोलणार नाहीस म्हणून मी बोलतोय. चार वर्षं केलंय तिने हे. तिला कुणी विचारलं तर ती पुरेल म्हणेल, काहीही पुरेल म्हणेल. तुम्ही विचारू नका तिला. मी सांगतोय, पुरणार नाही."

एवढं सलग मी निवृत्तीच्या समारंभातही बोललो नव्हतो. तिथे मी कागदावरून वाचलं होतं.

"बरोबर बोलतायत की काका," चौगुले म्हणाले. "मी मघापासून तेच सांगायला बघतोय. पर गिऱ्हाईक हसत असलं की मी मधी पडत नाही."

विश्वजित माझ्याकडे बघत राहिला. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्यानं कपाळावर हात मारला. "च्यायला! सॉरी काका. म्हणजे, ऋजू, तू बोलली का नाहीस? मला काय कळतंय ह्यातलं? मला कार्ड सोडून काही दिसत नाही." मग चौगुल्यांना म्हणाला, "ते पांढरं ठेवा परत. आता पहिल्यापासून करू."

ऋजुतानं माझी पिशवी उचलली. "बाबांना चहा पाजून आणते," ती म्हणाली. "उन्हातून आलेत." तिनं माझा दंड धरला. लहानपणी मी तिचा धरायचो तसा, रस्ता ओलांडताना.

खाली इमारतीच्या कडेला चहाची गाडी होती. तिथल्या बाकावर आम्ही बसलो. मी अजून त्याच तारेत होतो. आत कुठेतरी, खोटं कशाला सांगू, आनंद होता. शालनला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळत होती. चहा आला. ऋजुतानं पेला हातात घेतला, पण प्यायली नाही.

"तुम्ही हे सगळं कधी वाचलंत?" तिनं विचारलं.

"कॉलेजात जात होतो. साखरपुड्यानंतर."

"रोज?"

"रिकामाच असतो ना मी. चुकलं का काही सांगण्यात? चारच खाचा लागतात ना?"

"चारच लागतात. बरोबर होतं तुमचं." मग ती म्हणाली, "बाबा, मला ते सोडायचं होतं."

मला वाटलं, ती पांढऱ्या कॅबिनेटबद्दल बोलतेय. "मग पुरेल कशाला म्हणालीस?"

"कॅबिनेट नाही. काम. भूकंपाचं काम."

गाडीवाल्यानं स्टोव्हला पंप मारला. तो आवाज थांबल्यावर ती बोलू लागली.

"त्यातून काही निघत नाहीये, बाबा. गणित चालतं, लाट पसरते, सगळं होतं, पण जे निघतं ते आधीच माहीत असलेलं निघतं. सरांनाही माहितेय. ते म्हणतात, पदवीपुरतं होईल, कर पुरं. मी सकाळी उठते आणि कॉम्प्युटर चालू करायचं टाळत बसते. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं? मग मला का नाही बोललीस?"

"कसं बोलू? रविवारी फोन केला की 'जेवलीस का'च्याही आधी काय विचारता तुम्ही?"

मी विचारायचो, लाट कुठवर आली? आमच्या घरातली ती गंमत होती. निदान मला ती गंमत वाटायची. मी ग्रंथालयात, बँकेत, डॉक्टरकडे, जिथे बोलायला दुसरं काही सुचायचं नाही तिथे, तेवढं एक सांगायचो. आमची ऋजुता भूकंपावर काम करते. त्या एका वाक्यावर मी कित्येक माणसांशी बोलू शकलो होतो.

"आईलाही नाही सांगितलंस?"

"आई तुम्हाला सांगितल्याशिवाय राहिली असती का?" ती किंचित हसली. "मला ते पांढरं कॅबिनेट दिसलं ना, तेव्हा एकदम मोकळं वाटलं. म्हटलं, हे घेतलं की आपोआप सुटेल. मशीनवर मावत नाही म्हणून सांगता आलं असतं. सरांना, तुम्हाला, सगळ्यांना. कुणाचं मन मोडलं नसतं. एखादी साधी नोकरी बघितली असती. शाळेतही चाललं असतं मला."

"विश्वजितला माहितेय?"

"त्यानं मला होकार दिला तेव्हा पहिलं वाक्य काय बोलला माहितेय? मला हुशार बायको पाहिजे होती."

मी चहाचा पेला बाकावर ठेवला. "मी वर जाऊन सांगतो."

"काय सांगाल?"

मी उठलो. चार पावलं टाकून जिन्यापाशी गेलो. मनात वाक्य जुळवू लागलो. माझी चूक झाली, दोन खाचांचाच द्या. मग विश्वजित विचारणार, का? मग काय सांगायचं? तिनं ज्याला स्वतः सांगितलेलं नाही, त्याला तिच्या बापानं दुकानात, चौगुल्यांच्या देखत सांगायचं? आणि नाही सांगायचं तर, आत्ताच एवढा तावातावानं बोललेला म्हातारा खाली चहा पिऊन आल्यावर उलटं का बोलतोय, ह्याला काय कारण द्यायचं? एरवी मला बोलायला धैर्य होत नाही. त्या वेळी धैर्य होतं. बोलण्यासारखं वाक्य मात्र एकही नव्हतं.

तेवढ्यात विश्वजितच जिना उतरून आला. घामेजलेला, खूश, बाहीला थर्मोकोलचे कण चिकटलेले.

"झालं काका! सगळं बसवलं. चार खाचांचा बोर्ड, चारही भरल्या. कॅबिनेट एवढं आहे की त्यात आमचं मांजर राहील."

"आणि तुझं कार्ड?" ऋजुतानं विचारलं.

"ते धाकटं घेतलं. ठरलेल्या पैशात दोन्ही कुठं बसतंय? पोरं शिव्या घालतील, घालू देत. गेम काय, चित्र जरा खराब दिसलं तरी खेळता येतो. तुझं गणित थोडंच अर्धं मांडता येतंय?" तो बाकावर माझ्या रिकाम्या जागेवर बसला आणि वर बघून म्हणाला, "खरं सांगू काका? आमच्या घरात कोण कुणासाठी असं बोलत नाही. आमच्या पप्पांना तर मला दहावीत किती मार्क पडले तेही शेजाऱ्यांकडून कळलं. तुम्ही बोललात ते लई भारी झालं."

मी ऋजुताकडे बघितलं. मला वाटलं, आता ती सांगेल. आता सांगायलाच हवं. माणूस चांगला आहे, ऐकून घेईल. मी डोळ्यांनी तिला तेच सांगत होतो, आणि तिला ते कळतही होतं.

तिनं त्याच्या बाहीवरचे थर्मोकोलचे कण एकेक करून काढले. "थँक्स," ती म्हणाली. "मोठं कार्ड घ्यायचं होतंस रे."

"नको नको. आधी डॉक्टरीण होऊ दे, मग घेऊ."

तिनं चहाचा पेला तोंडाला लावला. आता तो गार झाला असणार, पण तिनं तो शेवटपर्यंत प्यायला. मग रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला.

"वर चला," विश्वजित म्हणाला. "जोडायला घेतलंय. चौगुले म्हणतात, पहिल्यांदा चालू करायला काकांनाच बोलवा."

मी वर गेलो. त्यांनी दाखवलं ते बटण मी दाबलं. पंखे सुरू झाले. चौगुल्यांनी टाळी वाजवली.

लग्न झालं. कॉम्प्युटर त्यांच्या आतल्या खोलीत ठेवला. सासूबाईंनी त्यावर भरतकाम केलेला रुमाल घातला होता, तो गरम होतो म्हणून विश्वजितनं काढला. तो रात्रीचं खेळणं सोडून रविवारी दुपारी खेळू लागला, कारण इतर वेळी मशीनवर तिचं गणित चालू असे. आम्ही गेलो की तो दारातूनच सांगायचा, बाबा, आज सकाळपासून चालू आहे, अजून बंद नाही केलं. तिला तो चहा नेऊन द्यायचा, खोलीचं दार हळू लावायचा, आईला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगायचा. त्याच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. मी तिच्याकडे बघायचो. ती पाठमोरी बसलेली असायची.

मी फोनवर कामाचं विचारणं बंद केलं. सुरुवातीला तिला ते जाणवलं असावं. मग आम्ही पावसाचं बोलू लागलो, आईच्या गुडघ्याचं बोलू लागलो. मध्ये एकदा धीर करून मी म्हणालो होतो, "ऋजू, अजूनही..." ती म्हणाली, "आता नको, बाबा. आता सगळे थांबलेत माझ्यासाठी." चूक माझी होती की कुणाचीच नव्हती, हे मी त्यानंतर पुष्कळदा मांडून बघितलं. मला ते नीट मांडता आलेलं नाही.

तीनेक वर्षांनी एका दुपारी तिचा फोन आला. शालन झोपली होती, म्हणून मीच घेतला. मागे लोकांचे आवाज येत होते. विश्वजित कुणाला तरी मोठ्यानं सांगत होता की पेढे कमी पडतील, अजून आणा.

"बाबा, झाली तोंडी परीक्षा. पदवी मिळेल."

"अभिनंदन, बाळा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"तुम्ही नका ना अभिनंदन करू. बाकी सगळे करतायत."

"मग काय म्हणू?"

ती बाहेर कुठेतरी गेली असावी, कारण मागचे आवाज बारीक झाले. "नुसतं म्हणा, संपलं."

मला पटकन जमलं नाही.

"संपलं," मी म्हणालो.

"परत म्हणा."

मी परत म्हणालो.